‘2 टीबी’चा पेनड्राइव्ह, आत 32 जीबी

₹7,190 गेले. सांगायला लाज वाटते, पण लाजेपायी गप्प बसलो तर तो दुकानदार अजून दहा जणांना टोपी घालेल.

घरात 94 डीव्हीडी होत्या. 2006 मधलं आमचं लग्न, मुलाची मुंज, अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोयच नसते, मग दुकान गाठण्यावाचून इलाज काय? तो म्हणाला, ‘साहेब, सोनीनं 2025 च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं. डीव्हीडीतला डाय, म्हणजे रेकॉर्डिंग धरून ठेवणारा रंगाचा थर, तोही खराब होतो, एक दिवस उघडणारच नाहीत.’ यातलं काहीच खोटं नाही. असले लोक खरं बोलूनच गळाला लावतात.

सगळं पेनड्राइव्हवर उतरवून द्यायला डिस्कमागे ₹60, म्हणजे ₹5,640. वर ‘2 टीबी’चा पेनड्राइव्ह ₹1,850. जुन्या डिस्क त्यालाच दिल्या तर ₹300 सूट. दिल्या. त्या खोक्यावरून दर दिवाळीला घरात बोलणी खाल्ल्यावर कुणीही दिल्या असत्या. (तुम्ही देऊ नका. बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह दोन-अडीच हजारांत मिळतो.)

सगळ्या डिस्क काठोकाठ भरलेल्या धरल्या तरी 4.7 जीबीच्या हिशेबानं 442 जीबी होतात. मग 2 टीबी कशाला? ‘पुढे लागेल.’ बरं.

आणि आता ते, जे आठवलं की डोकं फिरतं. त्यानं काउंटरवर ड्राइव्ह लावून दाखवला. विंडोजमध्ये आकडा पूर्ण 2.00 टीबी! अहो, अस्सल 2 टीबी तिथे 1.81 दिसतो, कारण कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या. मला हे माहीत होतं. ऑफिसातल्या हार्ड डिस्कवर रोज बघतो. आणि तरी त्या वेळी मनात आलं काय, तर ‘वा, माप पुरेपूर आहे!’ मग त्यानं पहिला फोल्डर उघडला, आमचा अंतरपाट दूर झाला, मी यूपीआयनं पैसे दिले. अशा वेळी पहिला फोल्डर बघूच नका, शेवटचा उघडा.

आतली चिप 32 जीबीची. फायलींची नावं दिसतात, साइझ दिसते, पण जागा संपल्यानंतरचं काहीच टिकत नाही. सहा डिस्क चालतात, सातवी मध्येच अडकते. अण्णांची 61 नंबरला होती. दुकानदार म्हणतो, तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस असेल. आणि डिस्क? भंगारात.

पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे यूपीआयनं गेलेत, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माल दुकानातून घेतलाय, हे आमचं नाही. परत ठाण्यात, तर ‘एवढ्याशा रकमेसाठी?’ रक्कम एवढीशी, कबूल, पण अण्णा आता नाहीत, ते कुठल्या कलमात बसवू? एकानं तर माल बोगस असल्याचं प्रमाणपत्र आणायला सांगितलं. कोण देतं असलं प्रमाणपत्र? त्यालाही माहीत नव्हतं. अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेत.

पोच घेतल्याशिवाय उठू नका. पक्कं बिल मागा, मी चिठ्ठीवर भागवलं. ड्राइव्ह हातात आला की एचटूटेस्टडब्ल्यू (h2testw) नावाच्या प्रोग्रॅमनं तो पूर्ण भरून परत वाचून बघा, फुकट आहे. ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. मी करतोय. चिठ्ठीवर शिक्का नसला तरी यूपीआयच्या नोंदीत त्याचं नाव आहे.