ओएम सिस्टीम टफ टीजी-७: जुन्या हाउसिंगचा नवा भाडेकरू

सप्टेंबर २०२३ मध्ये ओएम सिस्टीमचा टफ टीजी-७ हा छोटा जलरोधक कॅमेरा जाहीर झाला, तेव्हा जमिनीवर फोटो काढणाऱ्यांनी नाके मुरडली आणि त्यांचे काही चुकले नाही. आधीच्या टीजी-६ मधलाच १२ मेगापिक्सेलचा छोटा सेन्सर, तीच एफ/२ पासून सुरू होणारी २५ ते १०० मिलिमीटरची लेन्स, आणि चार वर्षांच्या प्रतीक्षेनंतर नवे म्हणावे असे यूएसबी-सी, उभे व्हिडिओ आणि ब्लूटूथ रिमोट. अमेरिकेत साडेपाचशे डॉलर किमतीला बाजारात येणाऱ्या कॅमेऱ्यात एवढेच बदल असतील, तर ती कंजुषीच म्हणायला हवी. मी मात्र त्या माहितीत एकच गोष्ट शोधत होतो आणि ती सापडल्यावर बाकीचे वाचण्याची घाई राहिली नाही. २०१९ च्या टीजी-६ साठी बनवलेले पीटी-०५९ हे हाउसिंग, म्हणजे कॅमेरा आत ठेवून पाण्यात नेण्याची जलरोधक पेटी, टीजी-७ लाही चालते.

पाण्याखाली फोटो काढणारा माणूस कॅमेरा विकत घेतो असे वरवर दिसते. प्रत्यक्षात तो हाउसिंग घेतो आणि त्यात बसेल तो कॅमेरा वापरतो. हाउसिंग एका विशिष्ट मॉडेलच्या मापाने घडवलेले असते. त्याच्या प्रत्येक बटणाची दांडी आत कॅमेऱ्याच्या नेमक्या त्याच बटणावर टेकावी लागते, त्यामुळे कंपनीने नव्या मॉडेलमध्ये एखादी चकती दोन मिलिमीटर सरकवली तरी जुने हाउसिंग निकामी होते. नॉटिकॅम किंवा आयकेलाइट या कंपन्यांच्या मोठ्या हाउसिंगची किंमत, त्यावर लेन्सनुसार लागणारे पोर्ट, म्हणजे लेन्ससमोरचे काचेचे तोंड, धरले, तर अनेकदा आतल्या कॅमेऱ्यालाही मागे टाकते. ज्या काळात कंपन्या वर्षाला नवा कॉम्पॅक्ट, म्हणजे खिशात मावणारा कॅमेरा, काढत, त्या काळात आमच्यापैकी अनेकांच्या कपाटात अनाथ हाउसिंगांची रांग लागली होती.

तो काळ फोनने संपवला. जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले गेले होते. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही आत आला. सर्वांत आधी बळी गेला तो साध्या कॉम्पॅक्टचा आणि त्याच्याबरोबर जलरोधक कॉम्पॅक्टचाही. हाउसिंगशिवाय ३० मीटर उतरणारा निकॉनचा डब्ल्यू-३०० गेला, पॅनासॉनिक आणि फुजीफिल्म यांनीही या वर्गातून अंग काढून घेतले. टीजी-६ बनवणाऱ्या खुद्द ऑलिंपसने आपला कॅमेरा व्यवसाय वेगळा काढला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो ओएम डिजिटल सोल्युशन्सकडे गेला; ओएम सिस्टीम हे तिच्याच कॅमेऱ्यांचे नाव. आज या वर्गात टीजी-७ आणि पेंटॅक्सची डब्ल्यूजी मालिका यांपलीकडे विचार करावा असे फारसे काही उरलेले नाही. आटत्या बाजारात नवे साचे पाडणे परवडत नाही म्हणून कंपनीने जुना साचा कायम ठेवला असावा, असा माझा तर्क आहे. कारण काहीही असो, त्यात फायदा आमचा झाला.

आता प्रत्यक्ष वापराकडे वळतो. मी हा कॅमेरा मुख्यतः तारकर्ली-मालवणच्या पाण्यात आणि अधूनमधून मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाभोवती वापरला आहे. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर पाणी निवळते खरे, पण तारकर्लीला व्हिजिबिलिटी अनेकदा काही मीटरच असते आणि समोरच्या जोडीदाराचे फिन्स दिसले तरी दिवस चांगला म्हणायचा. अशा गढूळ पाण्यात रुंद दृश्याचा हट्ट धरण्यात अर्थ नसतो. येथे छोट्या जिवांच्या जवळ जावे लागते आणि टीजी-७ ची खरी ताकद तेथेच आहे. त्याच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून अवघ्या एका सेंटिमीटरवर फोकस होतो. हाउसिंगच्या काचेला जवळजवळ चिकटलेली, नखाएवढी न्यूडिब्रँक, म्हणजे कवच नसलेली समुद्री गोगलगाय, चौकट भरून येते आणि तिच्या पाठीवरच्या कल्ल्यांचे झुबके मोजता येतात. सेन्सर छोटा असल्यामुळे फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढे अंतर स्पष्ट दिसते ते, हीही आपोआप अधिक मिळते. लाटेच्या ओढीने हेलकावे खात असताना ही गोष्ट किती कामाची आहे, हे एकदा मोठ्या कॅमेऱ्याची मॅक्रो लेन्स हातात घेऊन डोलल्याशिवाय कळत नाही.

कॅमेरा हाउसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत चालतो, असे कंपनी सांगते. स्नॉर्कलिंगला तेवढे पुरे आहे, पण ओपन वॉटर या प्राथमिक प्रशिक्षणाच्या पातळीच्या डायव्हरची मर्यादाच १८ मीटर असते, आणि बॅटरीच्या झाकणाच्या रबरी पट्टीत अडकलेला वाळूचा एक कण पुढचे सगळे ठरवतो. डाइव्हसाठी ४५ मीटरचे पीटी-०५९ घ्यावेच, आणि प्रत्येक वेळी ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारे रबरी कडे, काढून, पुसून, ग्रीसचा पातळ हात फिरवून मगच ते बंद करावे.

उणिवाही सांगायला हव्यात. प्रकाश कमी झाला की छोटा सेन्सर लगेच दाणेदार चित्र देतो, त्यामुळे स्ट्रोब, म्हणजे बाहेरून जोडायचा जोरदार फ्लॅश, किंवा चांगला टॉर्च नसेल तर दहा-बारा मीटरखाली रंगांची आशा सोडावी. लाल रंग तर पहिल्या काही मीटरांतच पाणी गिळून टाकते. पूर्ण मॅन्युअल मोड नाही आणि शटरचा वेग स्वतंत्रपणे ठरवता येत नाही. लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) निवडता येते असे दिसते, पण मेन्यूतले एफ/८ हे खरे छिद्र नसून प्रकाश अडवणारा फिल्टर आहे, म्हणून त्याने फोकसची खोली वाढत नाही. सपाट काचेतून पाण्यात पाहिल्यामुळे २५ मिलिमीटरची लेन्स सुमारे ३३ मिलिमीटरसारखी वागते. अख्खी नौका किंवा माशांचा थवा टिपायचा असेल तर बाहेरून बसवण्याची वेट लेन्स घ्यावी लागते. ती अशी निवडावी, की पुढे कॅमेरा बदलला तरी अडॅप्टर लावून वापरता येईल.

टीजी-७ ने टिकवून ठेवलेली एक क्षुल्लक वाटणारी वस्तू म्हणजे त्याचा इवलासा फ्लॅश. बाजाराचा कल व्हिडिओकडे वळल्यापासून कॅमेऱ्यांतून अंगभूत फ्लॅश नाहीसा होत आहे: सोनीच्या २०१९ च्या ए६४०० मध्ये तो होता, २०२३ च्या ए६७०० मध्ये नाही, आणि झेडव्ही-१ मध्ये तो पहिल्यापासूनच नव्हता. जमिनीवर त्याची उणीव फारशी कोणाला भासत नाही. आम्ही मात्र त्याच्या ठिणगीने ऑप्टिक केबलमधून बाहेरचा स्ट्रोब पेटवतो; ती ठिणगी नसेल तर हाउसिंगच्या आत वेगळा ट्रिगर, त्याची वेगळी बॅटरी आणि वेगळा खर्च आला. येथे साध्या केबलने काम होते, आणि स्ट्रोब बाजूला लांब धरला की गढूळ पाण्यातले कण उजळून फोटोवर पडणारा पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊसही कमी होतो.

ज्यांना रुंद दृश्येच काढायची आहेत, म्हणजे ज्यांचे मन अंदमान-लक्षद्वीपच्या निळ्या पाण्यात रमते, त्यांनी जुन्या डीएसएलआरचा विचार करावा. लोक आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळत असल्यामुळे निकॉन डी५०० सारखे उत्तम वापरलेले कॅमेरे हाउसिंगसह विक्रीला येतात, आणि त्यावर टोकिनाची १०-१७ फिशआय, म्हणजे अतिशय रुंद दृश्य टिपणारी, लेन्स लावली तर आजही हेवा वाटावा असे फोटो मिळतात. मात्र त्या हाउसिंगच्या ओ-रिंग आणि सुटे भाग अजून मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारावे, आणि पहिल्या डाइव्हला ते रिकामेच, कॅमेऱ्याविना, खाली नेऊन आणावे.

टीजी-६ चांगला चालत असेल तर केवळ यूएसबी-सीसाठी टीजी-७ घेण्याचे कारण नाही. पहिला कॅमेरा घेणाऱ्याने मात्र तो हाउसिंगसह घ्यावा. माझ्याकडे आता दोन्ही आहेत. बॅटरी तीच, हाउसिंग तेच, त्यामुळे मालवणला जाताना जुना टीजी-६ कोरड्या पिशवीत बोटीवर असतो आणि खाली गेलेल्या भाडेकरूच्या अंगावर कधी पाणी आलेच, तर हाउसिंग धुऊन, वाळवून, तपासून दुसऱ्या दिवशी त्यात तो राहायला येऊ शकतो.