इंग्लंडच्या समुद्रकाठी वीस जणांचं घर: वर्गणी काढण्याआधी हे तपासा

स्कारबरो किंवा व्हिटबीला वीस जण एका छपराखाली राहू शकतील अशी घरं मोजकीच आहेत. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या बँक हॉलिडेला तर ती कित्येक महिने आधीच भरलेली असतात. फसवणारे हीच अडचण हेरतात. पुण्या-नाशिकहून आईवडील आलेले असतात, शाळांना सुट्टी लागणार असते आणि चार-सहा कुटुंबं मिळून उशिरा शोधायला लागतात. मग सोशल मीडियावरच्या एखाद्या ग्रुपमध्ये अचानक घर दिसतं: आठ बेडरूम, समुद्राकडे तोंड, मागे हॉट टब, तीन रात्रींचे २,४०० पौंड. फोटो खरे असतात. बहुतेक वेळा घरही खरं असतं. फक्त जाहिरात देणाऱ्याचा त्या घराशी काडीचा संबंध नसतो. फोटो खऱ्या एजन्सीच्या वेबसाइटवरून उचललेले असतात आणि तिच्या नावात एखादं अक्षर किंवा आडवी रेघ घालून हुबेहूब तशीच दुसरी वेबसाइट उभी केलेली असते.

पुढची बोलणी ठरलेली. “वेबसाइटवरून बुक केलंत तर कमिशन जातं, थेट द्या, दहा टक्के कमी करतो.” मग गप्पा व्हॉट्सॲपवर. “दुसरा ग्रुप मागे लागलाय, संध्याकाळी सहापर्यंतच थांबतो.” लोगो, अटी आणि बुकिंग नंबर असलेलं इन्व्हॉइस येतं. कार्ड सध्या चालत नाही, बँक ट्रान्सफर करा. आधी तीस टक्के, आठवड्याने ५०० पौंड अनामत, मग उरलेली रक्कम. पूर्ण पत्ता आणि किल्लीच्या पेटीचा कोड आदल्या दिवशी मिळेल असं सांगितलं जातं, आणि आदल्या दिवशी फोन बंद होतो. अंदाजाने घर शोधून बेल वाजवली, तर तिथे राहणारं कुटुंब दार उघडतं किंवा दुसराच ग्रुप गाडीतून सामान उतरवत असतो.

ग्रुप मोठा असला की फसवणं सोपं जातं, कारण पैसे वर्गणीने येतात. सहा कुटुंबं चारचारशे पौंड एकाच्या खात्यात टाकतात आणि प्रत्येकाला वाटतं की चौकशी दुसऱ्याने केली असेल. पुढाकार घेणाऱ्याला वाटतं, एवढ्या जणांनी लिंक पाहिली, कुणी हरकत घेतली नाही, म्हणजे ठीकच असेल. पैसे बुडाल्यावर मात्र सगळ्यांच्या नजरा त्या एकाकडेच वळतात, आणि वर्षानुवर्षांची मैत्री त्यात नासते. म्हणून तपासणीचं काम एकाकडे नाव घेऊन सोपवा, आणि त्याने कागद ग्रुपवर टाकेपर्यंत एक पौंडही गोळा करू नका.

पहिली मागणी पोस्टकोडसह पूर्ण पत्त्याची. जाहिरातीत घर नंबर लपवणं समजण्यासारखं आहे, पण करार करायला बसलेल्या ग्रुपलाही पत्ता मिळत नसेल तर तिथेच थांबा. पत्ता हातात आला की सरकारी वेबसाइटवर त्या घराचं ऊर्जा प्रमाणपत्र, म्हणजे ईपीसी, फुकट शोधता येतं. त्यावर घराचं एकूण क्षेत्रफळ छापलेलं असतं. स्कारबरोच्या जुन्या व्हिक्टोरियन घरात तळघरापासून माळ्यापर्यंत पाच मजले धरून २५० ते ३०० चौरस मीटर सहज निघतात. प्रमाणपत्रावर ९५ लिहिलं असेल तर तिथे आठ बेडरूम बसणारच नाहीत. प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. ते सापडलं नाही म्हणून घर खोटं ठरत नाही, पण सापडलेला आकडा खूप काही सांगतो.

दुसरी फुकट तपासणी फारच थोडे लोक करतात. वर्षात १४० रात्री भाड्याने उपलब्ध असलेलं आणि ७० रात्री प्रत्यक्ष भाड्याने गेलेलं सुट्टीचं घर इंग्लंडमध्ये घरपट्टीऐवजी बिझनेस रेट्सखाली, म्हणजे व्यावसायिक जागांच्या कराखाली येतं. सरकारच्या बिझनेस रेट्स यादीत पोस्टकोड टाका. वर्षभर पाहुणे घेणारं म्हणवणारं घर तिथे ‘सेल्फ केटरिंग हॉलिडे युनिट’ म्हणून दिसायला हवं. न दिसलं तर मालकाला कारण विचारा. शेवटी सात पौंड भरून लँड रजिस्ट्रीतून, म्हणजे मालमत्तांच्या सरकारी नोंदवहीतून, मालकाचं नाव काढा. त्यासाठी सरकारी वेबसाइटच वापरा, नकली मध्यस्थ वेबसाइटी याच कागदाचे कितीतरी जास्त पैसे घेतात. मालक एक आणि भाड्याने देणारा दुसरा असू शकतो, पण मग एजन्सीचा फोन नंबर इन्व्हॉइसवरून न घेता स्वतंत्रपणे शोधा आणि तिथे फोन करून बुकिंग विचारा.

एवढ्याने समाधान झालं नाही तर ठरवून व्हिडिओ कॉल करा. रस्त्याच्या पाटीपासून सुरुवात करून दार उघडायला सांगा, स्वयंपाकघरातला नळ सोडायला सांगा, मग सलग जिने चढून वरच्या खोलीपर्यंत न्यायला सांगा. आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ तुमच्या सांगण्याप्रमाणे वळत नाही.

पैसे पाठवताना बँक खातेदाराचं नाव पडताळून दाखवते. ‘नाव जुळत नाही’ आलं आणि समोरचा “ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे” म्हणाला, की व्यवहार तिथेच सोडा. शक्य असेल तर क्रेडिट कार्डच वापरा. १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ नुसार, किंमत १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असली, तर कार्ड कंपनीही तितकीच जबाबदार असते. फक्त आगाऊ रक्कम कार्डने भरली तरी पूर्ण किमतीसाठी दावा करता येतो. मध्ये एजंट किंवा पेमेंट सेवा आली तर मात्र हा हक्क अडकू शकतो. करार ज्याच्या नावावर आहे, कार्ड त्याचंच असू द्या.

ट्रान्सफर करून बसला असाल तर वेळ दवडू नका. १५९ वर फोन केला की बहुतेक मोठ्या बँकांशी थेट जोडून देतात. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमधल्या खात्यातून ब्रिटनमधल्याच खात्यात गेलेले असे पैसे ८५,००० पौंडांपर्यंत परत देणं बँकांना बंधनकारक आहे. बँक त्यातून १०० पौंडांपर्यंत कापू शकते, आणि तक्रार १३ महिन्यांच्या आत करावी लागते. भारतातल्या खात्यातून बाबांनी परस्पर पाठवलेल्या रकमेला हे संरक्षण नाही. म्हणून वर्गणी भारतातून येणार असली तरी घराचे पैसे इथल्याच खात्यातून जाऊ द्या. पोलिसांकडची नोंद ०३०० १२३ २०४० वर होते.

घर खरं पण सांगितल्यासारखं नाही, हा वेगळा प्रकार. बँक त्याला फसवणूक न मानता आपसांतला वाद म्हणते आणि वरचा नियम लागू होत नाही. ‘वीस जणांची सोय’ म्हणजे बारा पलंग, दोन सोफा-बेड आणि हवेच्या गाद्या असा हिशेब निघतो, वर न्हाणीघरं दोनच. बुकिंगआधी खोलीगणिक पलंग, न्हाणीघरं, शेगड्यांचे बर्नर आणि गाड्यांच्या जागा ईमेलवर लिहून घ्या. घराच्या लेखी अग्निसुरक्षा तपासणीची प्रतही मागा. १ ऑक्टोबर २०२३ पासून पाहुणे ठेवणाऱ्या प्रत्येकाला ती करून ठेवावीच लागते, आणि माळ्यावर चार गाद्या टाकणारा मालक ती दाखवायला टाळाटाळ करतो. आदल्या दिवशी “पाइप फुटला, तुम्हाला दोन फ्लॅट देतो” असं आलं तर ते स्वीकारलंच पाहिजे असं नाही. पूर्ण परतावा मागा, तोही लेखी.

अनामत रकमेचा वाद सर्वांत जास्त होतो, कारण घरभाड्याच्या अनामतीला मिळणारं सरकारी योजनांचं संरक्षण सुट्टीच्या घरांना नाही. सामान आत नेण्याआधी सगळ्या खोल्यांचा एक सलग व्हिडिओ काढा आणि त्याच संध्याकाळी मालकाला ईमेल करा. गाद्या, ओव्हनची काच, गालिचे, हॉट टबचं झाकण आणि कचऱ्याच्या डब्यामागची भिंत जवळून घ्या. आपल्याकडच्यांनी ओट्याची विशेष काळजी घ्यावी. पांढऱ्या दगडावर हळदीचा डाग पडला की त्याच्या सफाईच्या नावाखाली शेकडो पौंड कापायला निमित्त मिळतं. निघताना तसाच व्हिडिओ पुन्हा काढा. कपात झालीच तर प्रत्यक्ष सफाईचं बिल मागा, १४ दिवसांची लेखी नोटीस द्या, आणि तरी मालक दाद देत नसेल तर इंग्लंडमध्ये १०,००० पौंडांपर्यंतचा दावा वकिलाशिवाय ऑनलाइन लावता येतो.