हार्ट अटॅकनंतर खचलेलं मन आणि १४४१६ : ही फोनसेवा कितपत कामाची?

गोव्यातल्या बांबोळीहून, कोल्हापूर किंवा मुंबईहून स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीतली जाळी) टाकून माणूस घरी येतो. गोळ्या वेळेवर चालू असतात, पण पडवीतल्या बाकड्यावरून तो उठत नाही. बागेला पाणी लावायचं त्याच्या मनातही येत नाही. बांगड्याचं तिखलं पानात तसंच राहतं, पहाटे तीनला जाग येते. विचारलं तर 'माका काय झाला नाय'. घरचे अशक्तपणा समजून गप्प बसतात. अटॅक आलेल्या साधारण पाचांतल्या एकाला या काळात खरोखरीचं नैराश्य असतं आणि ते हृदयालाही जड जातं. रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, जास्त चिकट होतात, शरीर सतत ताणाखाली राहतं, गोळ्या चुकतात, चालणं सुटतं. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली अटॅकनंतरच्या नैराश्याला धोक्याच्या घटकांत धरण्याची शिफारस केली.

अशा घरांसाठी टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आम्हांला मोलाचा वाटतो. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा फुकट आहे, २४ तास चालते आणि मराठीत बोलता येतं. आधी भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतो. गरज वाटली तर तो मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो किंवा जिल्ह्यातल्या सरकारी सेवेकडे पाठवतो. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की 'मला वेडा ठरवता काय?' म्हणणारा माणूसही घरातून फोनवर बोलायला तयार होतो. तो नाहीच म्हणाला, तर बायकोने किंवा मुलाने फोन करावा.

उणीव एकच, पण मोठी. पलीकडच्या माणसाला तुमचा ईसीजी दिसत नाही. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगा : अटॅक कधी आला, स्टेंट आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. पाकिटं हातात घेऊन नावं वाचा. त्याआधी घरीच दोन प्रश्न विचारून ठेवा. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, असं किती दिवस झालं? उदास, हताश किती दिवस वाटलं? अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळपास रोज ३. बेरीज ३ किंवा जास्त आली तर तो आकडा सांगा. मरणाचे विचार येत असतील तर बेरजेची वाट न पाहता लगेच फोन लावा.

खरी गफलत गोळ्यांत होते. झोपेसाठी किंवा हातापायांना येणाऱ्या मुंग्यांसाठी कधीतरी दिलेली अमिट्रिप्टिलिन ही गोळी घरात पडलेली असते. अटॅकनंतर ती आपल्या मनाने घेऊ नये, ठोक्यांची लय बिघडू शकते. नैराश्यावरच्या सिटालोप्राम या गोळीनेही ईसीजीत फरक पडतो, म्हणून साठीपुढे दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. नैराश्यावरचीच सर्ट्रालिन ही गोळी हृदयरोग्यांवर तपासलेली आहे आणि २००२ च्या चाचणीत सुरक्षित ठरली. मात्र अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांबरोबर ती घेताना रक्तस्राव वाढू शकतो. हिरड्यांतून रक्त आलं किंवा शौचाला काळं झालं तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळतं आणि बरेच जण तिथेच गोळी सोडतात. नुसता थकवाच असेल तर तो मेटोप्रोलॉल या ठोके संथ करणाऱ्या गोळीचाही असू शकतो, तेही विचारा.

नैराश्याच्या उपचाराने पुढचा अटॅक टळतो, असं कुणी सांगितलं तर मानू नका. २००३ च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत मन सुधारलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत. तरीही माणूस पुन्हा जेवू लागतो, बागेत जातो, गोळ्या चुकवत नाही. एवढ्यासाठीही उपचार घ्यावेत असं आमचं ठाम मत आहे.

पावसात रेंज दगा देते. फोन मध्येच तुटला तर पुन्हा लावा, आणि दुसरा समुपदेशक भेटेल हे धरून तारीख व दिलेला सल्ला वहीत लिहून ठेवा. छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ असेल तर मात्र 'टेन्शन असेल' म्हणत १४४१६ लावत बसू नका, थेट १०८ लावा.