पालक-चिकनला दाटपणा कशाने आणायचा: क्रीम की काजू?

धाकट्या बहिणीने काल विचारलं, "ताई, एकाच पॅनमध्ये मलईदार पालक-चिकन करायचंय, क्रीम आणू की काजू वाटू?"

अर्धा किलो बोनलेस चिकनला अर्धी वाटी फ्रेश क्रीम पुरतं, किंवा वीसेक काजू.

मेहनत क्रीमला काहीच नाही, पाकीट कापलं की झालं. काजू अर्धा तास गरम पाण्यात भिजवून गुळगुळीत वाटावे लागतात. खर्च काजूचा कमी, कारण घरात डबा असतोच. क्रीमचं उघडलेलं पाकीट दोन-चार दिवसांत संपवावं लागतं.

खरा फरक आचेवर कळतो. आपल्याकडच्या पाकिटातल्या क्रीममध्ये स्निग्धांश साधारण 25 टक्केच. मोठ्या आचेवर उकळलं किंवा आधी लिंबू पिळलं, तर ते फाटतं. म्हणून गॅस बंद करूनच घालायचं. काजू फाटत नाही, पण तळाला लागतो. सतत हलवावं लागतं. पालक पाणी सोडतो, ते काजू छान धरून ठेवतो. क्रीम मात्र पातळ होतं, म्हणून पालकाचं पाणी आधी आटवून घ्या.

ऑफिसातून दमून आल्यावर, लगेच खायचं असेल तर क्रीम. डब्यासाठी, पुन्हा गरम करायचं असेल तर मी काजूच घेते. पाहुण्यांत कुणाला काजूची अ‍ॅलर्जी असेल, तर अर्थातच क्रीम.