टर्बो मोटरसायकलचा स्कॅव्हेंज पंप: घरी बनवावा की तयार घ्यावा?

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र, आणि त्याच्या बेअरिंगमधून गेलेले ऑइल ओढून इंजिनमध्ये परत आणतो तो स्कॅव्हेंज पंप. टर्बोपर्यंत ऑइल पोहोचवणे सोपे आहे. इंजिनच्या मुख्य ऑइल गॅलरीतून, म्हणजे दाबाखालच्या ऑइलच्या वाटेतून, एक बारीक नळी काढली की दाबामुळे ते आपोआप जाते. अडचण येते ती परतीच्या वाटेवर. टर्बोच्या शाफ्टवर रबरी ऑइल सील नसते, कारण तिथल्या उष्णतेत आणि मिनिटाला लाखाच्या पुढे जाणाऱ्या फेऱ्यांत ते टिकणार नाही. तिथे पिस्टन रिंगसारख्या बारीक कड्या असतात, आणि बेअरिंगच्या पोकळीत ऑइल साचणार नाही, ते सतत खाली वाहत राहील, या एकाच भरवशावर त्या काम करतात. ऑइल तुंबले की ते एका बाजूने टर्बाइनमध्ये (एक्झॉस्टच्या चाकाकडे) आणि दुसऱ्या बाजूने कॉम्प्रेसरमध्ये (हवेच्या चाकाकडे) झिरपते, सायलेन्सरमधून निळा धूर निघू लागतो आणि चांगला टर्बो खराब ठरवून बदलला जातो. असा धूर दिसला तर आधी परतीची नळी तपासावी, हे मी आग्रहाने सांगतो.

पंप बनवावा की विकत घ्यावा, हे ठरवण्याआधी पंप लागतोच का, हे पाहायला हवे. गॅरेटसारख्या उत्पादकांच्या सूचनेनुसार टर्बोचे ऑइल बाहेर पडण्याचे तोंड उभ्या रेषेपासून 35 अंशांपेक्षा जास्त कललेले नसावे. परतीची नळी प्रशस्त असावी, तिला कुठेही चढ किंवा पोटासारखा झोळ नसावा, आणि ती संपमधल्या, म्हणजे इंजिनच्या तळाच्या भांड्यातल्या, ऑइलच्या पातळीच्या वर उघडावी. टर्बो टाकीखाली किंवा सिलिंडरच्या मागे उंचावर बसवता येत असेल, तर गुरुत्वाकर्षणापेक्षा विश्वासू पंप मिळणार नाही. त्याला वायर लागत नाही आणि तो झिजतही नाही. मात्र टर्बो एक्झॉस्टच्या जवळ, इंजिनसमोर खाली बसवला तर प्रतिसाद चांगला मिळतो आणि नेमका तिथेच ऑइलला उतार मिळत नाही. कावासाकीने 1984च्या जीपीझेड 750 टर्बोत टर्बो असाच पुढे आणि खाली बसवला आणि त्यासाठी इंजिनमध्ये वेगळा स्कॅव्हेंज पंप दिला. कारखान्यालाही ज्या जागी पंपाशिवाय जमले नाही, तिथे आपण नुसती नळी वाकवून वेळ मारून नेऊ नये.

पंप लागणारच असे ठरले की तीन मार्ग उरतात: तयार इलेक्ट्रिक पंप, घरी बनवलेला इलेक्ट्रिक पंप आणि इंजिनवर चालणारा घरगुती यांत्रिक पंप. तिन्हींना एकच नियम लागू आहे. परत ओढणारा पंप देणाऱ्यापेक्षा मोठा असावा, कारण टर्बोतून बाहेर पडणारे ऑइल फेसाळलेले असते आणि पंपाला ऑइलबरोबर हवाही ओढावी लागते. जुन्या, ओतीव लोखंडी इंजिनाच्या रॉयल एनफिल्ड बुलेटमध्ये ऑइल देणारा आणि परत आणणारा असे दोन वेगळे पंप होते आणि परत आणणाऱ्याची क्षमता अधिक ठेवलेली होती, ती याच कारणासाठी. दीडपट ते दुप्पट हे प्रमाण पुरेसे आहे. त्याहून फार मोठा पंप लावला तर तो टर्बोच्या कड्यांमधून एक्झॉस्टचा वायू खेचून इंजिनच्या पोटात सोडतो.

ही दुप्पट कशाची, हे अंदाजाने ठरवू नये. इंजिन पूर्ण गरम करून टर्बोची परतीची नळी मापाच्या भांड्यात सोडावी, गाडी आयडलवर (थ्रॉटल न देता) अर्धा मिनिट आणि 4000 आरपीएमवर पंधरा सेकंद चालवावी, ऑइलच्या पातळीवर लक्ष ठेवावे आणि मिळालेल्या आकड्यांवरून मिनिटाचा हिशेब काढावा. समजा आयडलला 300 मिलिलिटर आणि 4000 आरपीएमला 900 मिलिलिटर आले, तर पंपाने गरम ऑइल मिनिटाला 1.4 ते 1.8 लिटर तरी ओढले पाहिजे.

तयार इलेक्ट्रिक पंपाच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याची सीले आणि मोटर गरम ऑइलसाठीच निवडलेली असतात. नाव मात्र नीट वाचून घ्यावे. पाणी किंवा डिझेल उपसण्यासाठी विकले जाणारे स्वस्त डायफ्राम पंप दिसायला तसेच असतात, पण टर्बोतून येणाऱ्या ऑइलच्या तापमानात त्यांचा पडदा फार काळ टिकत नाही. साध्या नायट्राइल रबराची सीलेही सतत शंभर-सव्वाशे अंशांवर कडक होत जातात, म्हणून तिथे उष्णता सोसणारे व्हायटॉन रबरच हवे. चांगला पंप बहुधा परदेशातून मागवावा लागतो, सीमाशुल्क भरावे लागते आणि सुटा भाग बिघडला तर पुन्हा तितकीच वाट पाहावी लागते.

घरी बनवण्याचा विचार येतो तो याच वाट पाहण्यामुळे, आणि मुंबईत तो अव्यवहार्य नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या इंजिनांचे भाग मिळतात, नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंग, ओ-रिंग आणि व्हायटॉन सीले मिळतात, लॅमिंग्टन रोडवर मोटरचा स्पीड कंट्रोलर आणि रिले मिळतात, आणि साकीनाक्याच्या बाजूला लेथ व मिलिंगचे काम करून देणारे कारागीर आहेत. तरीही एक गोष्ट कृपया घरी करू नये: रोटर, म्हणजे पंपातली ऑइल ढकलणारी दातेरी चाके, कापू नयेत. बऱ्याच 100 ते 150 सीसी गाड्यांच्या ऑइल पंपात चार दातांचा आतला आणि पाच खाचांचा बाहेरचा असे ट्रोकॉइड रोटर असतात. त्या दातांचा वक्र नुसत्या लेथवर निघत नाही, आणि कारखान्यात तो ज्या अचूकतेने बनतो तितक्या अचूकतेने तो करून घेण्याचा खर्च नव्या पंपाच्या वर जाईल. नव्या रोटरची जोडी सुट्या भागांच्या दुकानातून घ्यावी आणि आपण फक्त घर (रोटर ज्यात बसतात तो बाहेरचा भाग), झाकण आणि शाफ्टची जोडणी करावी. दोन दातांच्या टोकांमधली फट फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी, साधारण 0.2 मि.मी.च्या पुढे गेलेली जोडी परत करावी.

खरी कसोटी रोटर आणि झाकण यांच्यातल्या बाजूच्या फटीची आहे. मी पहिले घर ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून करून घेतले, थंड ऑइलवर ते उत्तम चालले आणि गरम ऑइलवर आयडलच्या वेगाला त्याची ओढ जवळजवळ नाहीशी झाली. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. 40 मि.मी. व्यासाच्या रोटरभोवतीची फट 80 अंशांच्या वाढीत सुमारे 0.035 मि.मी.ने रुंदावते, जाडीच्या दिशेनेही थोडी वाढते, आणि त्याच वेळी ऑइल पाण्यासारखे पातळ झालेले असते. तेव्हापासून मी घर ओतीव लोखंडाचे करून घेतो आणि बाजूची फट 0.05 मि.मी.च्या आसपास ठेवतो. वजन वाढते, पण ते मला मान्य आहे.

आता हा पंप फिरवायचा कशाने? मोटरने फिरवला तर तो फ्रेमवर कुठेही, टर्बोच्या तोंडाच्या खाली आणि शक्य तितका जवळ बसवता येतो, आणि ते महत्त्वाचे आहे, कारण असा पंप ढकलतो चांगला आणि ओढतो कमी. शिवाय इंजिन बंद झाल्यावर टायमरने अर्धा मिनिट चालवून टर्बोत उरलेले ऑइलही काढता येते. उणे बाजूला विजेचा भार आहे: पाच अँपिअर घेणारी मोटर म्हणजे जवळपास 68 वॉट, आणि लहान गाडीच्या स्टेटरवर (वीज तयार करणाऱ्या भागावर) हेडलाइट आणि फ्युएल पंप आधीच असतात. दुसरी उणीव मुंबईच्या पावसाची. जुलैत कनेक्टरमध्ये पाणी जाऊन मोटर थांबली तर इंजिन चालूच राहते आणि काही मिनिटांत ऑइल एक्झॉस्टमध्ये जाते, किंवा निखळलेल्या नळीतून मागच्या टायरवर येते. डॅशवरचा दिवा फक्त वीज पोहोचल्याचे सांगतो, म्हणून टर्बोखाली लहान साठवण भांडे ठेवून त्यात फ्लोट स्विच बसवावा. तो ऑइल खरोखर गेले की नाही हे सांगतो.

कॅमशाफ्टच्या टोकाला जोडलेला यांत्रिक पंप इंजिन फिरते तोवर फिरतोच. आयडलला, म्हणजे 1400 आरपीएमला, कॅम 700 फेऱ्या घेतो. एका फेरीला 1 सीसी देणारा रोटर तेव्हा 700 मिलिलिटर आणि 4000 आरपीएमला 2 लिटर ओढेल, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या दोन्ही गरजा एकाच रोटरने भागतात. रोटर मोठा असेल तर जोडीची जाडी सरफेस ग्राइंडरवर कमी करता येते, त्याच प्रमाणात क्षमताही कमी होते. मात्र इंजिनचे कव्हर कापावे लागते, जोड किंचित वाकडा बसला तर घर खाल्ले जाते, आणि इंजिन थांबताच पंपही थांबत असल्याने साठवण भांडे इथे टाळता येत नाही. गीअरबॉक्सच्या पुढच्या स्प्रॉकेटवरून फिरवण्याची सोपी वाट कोणी सुचवली तर ती घेऊ नये; सायनच्या सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना तो पंप उभाच राहील आणि टर्बोत ऑइल मात्र येत राहील.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मुळे नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरणारा असा बदल सार्वजनिक रस्त्यावर चालत नाही, त्यामुळे ही गाडी बंदिस्त ट्रॅकसाठीच धरावी.

माझा कौल असा: पहिल्यांदाच टर्बो बसवणाऱ्याने तयार इलेक्ट्रिक पंप घ्यावा. ज्याच्या हाताशी चांगला लेथवाला आहे आणि कव्हर उघडून आठवडाभर गाडी उभी ठेवण्याची तयारी आहे, त्याने कॅमवरचा यांत्रिक पंप करावा. घरगुती इलेक्ट्रिक पंपाचा क्रम मी शेवटचा लावतो, कारण त्यात घडणीची जोखीम आणि विजेची जोखीम दोन्ही एकत्र येतात. कोणताही घरगुती पंप गाडीवर चढवण्याआधी 110 अंशांच्या ऑइलवर, आयडलच्या वेगाने, दोन तास टेबलावर चालवून पाहावा, आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्याने मोजलेल्या आयडल प्रवाहाच्या दीडपट ऑइल उचलले नाही, तर तो उघडून पुन्हा फट मोजावी.