पुण्याच्या लक्ष्मी रोडचं काय करायचं? रुंद फुटपाथ, वॉकिंग प्लाझा की छोटी बस

मनपाच्या बजेटसाठी क्षेत्रीय कार्यालयात नागरिकांच्या सूचना मागवतात, तो फॉर्म यंदा भरायचाच असं बिल्डिंगमधल्या चार-पाच जणांनी ठरवलं आणि तिथंच वाद सुरू झाला. एकाला पेठांमधल्या आपल्या बाजाराच्या लक्ष्मी रोडला जेएम (जंगली महाराज) रोडसारखे ऐसपैस फुटपाथ पाहिजेत, एकीला तो गाड्यांना कायमचा बंद पाहिजे, आणि मी आपला 'छोटी बस, छोटी बस' करत बसलेलो. त्या फॉर्मातून एवढं मोठं काम होत नाही हे मान्य, त्यात बाकडी, दिवे असलीच कामं बसतात, पण आधी आपलं मत तरी ठरायला हवं ना. तुमचंही ठरत नसेल तर बघा.

आधी जेएम मॉडेल. 2016 नंतर मनपाने तिथले फुटपाथ नव्याने केले, बसायला जागा, झाडांभोवती कट्टे, मुलांना खेळायला काहीबाही, आणि खरंच चांगलं झालंय, संध्याकाळी आजी-आजोबा निवांत बसलेले दिसतात. पण तो रस्ता मुळात रुंद, शिवाय वन-वे. (1976 साली रेकॉन्डो या ठेकेदार कंपनीने केलेला, वर्षानुवर्षं खड्डा न पडलेला रस्ता, ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुणेकर पुढे जात नाही, म्हणून मीही सांगितली.) लक्ष्मी रोडला तेवढी जागा काढणार कुठून? एका बाजूला पी-1, दुसऱ्या बाजूला पी-2, विषम तारखेला इकडे लावा, सम तारखेला तिकडे, आणि प्रत्यक्षात दोन्हीकडे गाड्या असतातच. मध्ये टेम्पो माल उतरवतोय, त्याच्या मागे रिक्षा हॉर्न मारतीये. इथे फुटपाथ रुंद करायचा तर पार्किंगची एक अख्खी रांग उठवावी लागेल. पार्किंग पॉलिसी 2018 ला मनपात मंजूर झाली होती, ती कागदावरून रस्त्यावर उतरेपर्यंत नुसता रुंद फुटपाथ करणं म्हणजे टू-व्हीलरवाल्यांना नवीन स्टँड बांधून देणं.

वॉकिंग प्लाझाची चव आपण घेतलीये. 2021 पासून 11 डिसेंबरला मनपा पादचारी दिन करते, लक्ष्मी रोडवर नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक गाड्या बंद. एकदा आईला घेऊन गेलो होतो. रस्त्याच्या मधोमध चालताना ती दर पाच पावलांनी मागे वळून बघत होती, गाडी येतीये का म्हणून, सवयच ती! मग हळूहळू वळायची थांबली आणि एका दुकानाची पाटी वाचत म्हणाली, अरे हे इथं वर पण दुकान आहे होय. जन्म गेला गावात (आमच्याकडे पेठांना अजून गावच म्हणतात) आणि तिने मान वर करून तो रस्ता कधी पाहिलाच नव्हता. पण परतताना गुडघे बोलायला लागले, रिक्षा मिळेपर्यंत बरंच चालावं लागलं, दोनदा दुकानाच्या पायरीवर टेकली. एक दिवसाची जत्रा म्हणून ठीक, रोजचं करायचं तर वयस्कर माणसाने आत यायचं कसं आणि पिशव्या घेऊन बाहेर पडायचं कसं, याचं उत्तर आधी लागतं. दुकानदार गिऱ्हाईक तुटेल म्हणून घाबरतात, तेही अगदी उगाच नाही.

इथे दिल्लीचं उदाहरण देतात, चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंत 2021 पासून सकाळी 9 ते रात्री 9 मोटारगाड्यांना बंदी. पण तिथे खाली मेट्रो आहे आणि वर सायकल रिक्षा चालते, हे सांगायचं विसरतात.

आपल्याकडेही मेट्रो आलीच की आता. 29 सप्टेंबर 2024 ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी टप्पा सुरू झाला, कसबा पेठ आणि मंडई अशी दोन स्टेशनं पेठांच्या पोटात. मंडईला उतरून सरकत्या जिन्याने वर आलं की तुळशीबाग अगदी जवळ. मेट्रोचं तिकीट 10 ते 35 रुपये, म्हणजे पार्किंग शोधत शनिपाराला तीन चकरा मारण्यापेक्षा स्वस्तच. पण लक्ष्मी रोडवरचा कुंटे चौक, पुढे अलका टॉकीज, तिथपर्यंत पायीच, आणि गर्दीत, हातगाड्या चुकवत. आमच्या आईसारख्यांसाठी मेट्रोचा प्रश्न तिकिटाचा नाहीये, वर आल्यानंतरच्या त्या दहा मिनिटांचा आहे.

बीआरटीवर, म्हणजे बसच्या वेगळ्या लेनवर, फार बोलत नाही. 2006 ला देशात पहिली आपल्याकडे कात्रज-स्वारगेट-हडपसर अशी सुरू झाली, कल्पना चांगली होती, पण पेठेत वेगळी लेन काढायला जागाच नाही, विषय संपला.

राहिली छोटी बस. 2021 मध्ये पीएमपीने, म्हणजे आपल्या सिटी बसवाल्यांनी, 'पुण्यदशम' काढली होती, मध्य पुण्यात मिडी बस, 10 रुपयांत दिवसभर कुठेही चढा कुठेही उतरा. जून 2025 पासून 10 रुपये हे पीएमपीचं कमीत कमी तिकीट झालंय, म्हणजे तेव्हा दिवसभर फिरायचे पैसे आता एका फेरीला. मला विचाराल तर गावासाठी आजवर सुचलेली सगळ्यात शहाणी गोष्ट ती होती. मोठी बस वळणावर अडकते, ही बोळाच्या तोंडापर्यंत येते, आणि मंडई स्टेशन, लक्ष्मी रोड, डेक्कन असा गोल फिरवली तर मेट्रोचं उरलेलं अंतर तीच भरून काढेल. फक्त ती पाच-सात मिनिटांनी यायला पाहिजे, अर्ध्या तासाने येणार असेल तर लोक परत टू-व्हीलर काढणार, मीसुद्धा.

तर माझं मत असं, की आधी छोटी बस, तीही मेट्रोच्या जिन्याजवळून सुटणारी, तिच्यासाठी लक्ष्मी रोडच्या पार्किंगची एक बाजू रिकामी करा, आणि मग शनिवार-रविवार प्लाझा करून बघा, त्यात ही बस आणि अँब्युलन्स सोडून काही नको. तुमच्या घरात कोणी गुडघेदुखीवालं नसेल आणि मेट्रो स्टेशनच्या जवळ राहात असाल तर तुम्हाला थेट प्लाझाच बरा वाटेल, समजू शकतो. जेएम मॉडेल मात्र तिकडे बाजीराव रोड, टिळक रोडला मागा, लक्ष्मी रोडला नको.

फॉर्मवर मी 'मंडई स्टेशनबाहेर बस थांबा, शेड आणि बसायला बाकडं' एवढंच लिहिलंय. बाकडं तरी मंजूर होईल.