२के११ की २के१२? जुन्या टीम खेळायच्या असतील तर

अमेरिकेच्या एनबीए लीगवरचे हे दोन्ही बास्केटबॉल व्हिडिओ गेम मी भरपूर खेळलोय, त्यामुळे ग्राफिक्स, कंट्रोल्स वगैरे सोडून देतो. रिव्ह्यू बघून ठरवायला गेलात तर काही ठरणार नाही, रिव्ह्यूंचे सरासरी मार्क देणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर दोघंही शंभरपैकी नव्वदीच्या आसपास आहेत. २०१० ला स्पर्धेतला दुसरा गेम, एनबीए इलाइट ११, रद्दच झाला, पण २के११ चं कौतुक झालं ते त्यामुळे नाही, तर शिकागो बुल्सच्या मायकल जॉर्डनमुळे. त्याच्या १० गाजलेल्या मॅच, त्यात १९८६ चे बोस्टनविरुद्धचे ६३ पॉइंट, १९९७ ला आजारी असताना खेळलेली फायनलची मॅच, सगळं आहे. त्या पूर्ण केल्या की रूकी म्हणजे पहिल्या वर्षाचा नवखा जॉर्डन घेऊन, गेम आला तेव्हाच्या लीगमध्ये करिअर करता येतं, आणि ही गोष्ट २के१२ मध्ये नाही हे मान्य.

पण त्या मॅच नुसत्या जिंकून भागत नाही ना. जॉर्डनने ठरलेले पॉइंट, कुठे असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास), हे सगळं करायलाच लागतं, नाहीतर जिंकलेली मॅच पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी आरामात पुढे होतो, टीममधला साथीदार पिपेन कोपऱ्यात एकटा उभा, आणि मी पास देईना कारण जॉर्डनचे पॉइंट कमी पडत होते, मग दोन डिफेंडर अंगावर असताना शॉट मारला, गेला नाही, परत तेच. ज्या बुल्सचा ट्रायंगल ऑफेन्स, म्हणजे हल्ल्याची पद्धत, पासवर चालायचा त्यांच्याकडून असं खेळून घ्यायचं हे मला खरंच खटकलं, आणि तिथेच माझं मन २के१२ कडे वळलं.

त्यात १५ दिग्गज आहेत, प्रत्येकाची एक मॅच, आणि अट एकच, जिंका. १९६० च्या दशकातल्या बिल रसेल, जेरी वेस्ट यांच्या काळातल्या मॅच ब्लॅक अँड व्हाइट दिसतात, ते बघायला फार भारी वाटतं. लॉकआउटमुळे (मालक आणि खेळाडूंच्या करारावरच्या वादात लीग बंद होती) रिलीजच्या वेळी त्या वर्षीचे रूकी नव्हते, त्याची ओरड झाली, पण जुन्या टीमसाठी घेणाऱ्याला काय फरक पडतो.

तुम्हाला फक्त जॉर्डनच हवा असेल तर २के११ घ्या, वाईट नाहीच तो, चॅलेंज आवडणारेही खूप आहेत. मी मात्र अजून १२ च लावतो. त्यात कॉमेंट्रीला स्टीव्ह कर पण आहे, १९९७ च्या फायनलच्या सहाव्या मॅचमध्ये जॉर्डनने पास दिला आणि ज्याने जिंकवणारा शॉट मारला तोच.